चार्जर राहिला

माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा, वेन-तुंग, लॅपटॉप दुरुस्त करतो. आमच्या लुकांगच्या जुन्या बाजारात, देवीच्या देवळामागच्या गल्लीत त्याचं दुकान आहे. बावीस वर्षं झाली. या बावीस वर्षांत तो गिऱ्हाइकाशी सलग चार वाक्यं बोललेला मी तरी ऐकला नाही. माणूस वाईट नाही हो. पण त्याला बोलतं करायचं म्हणजे घशात हात घालून एकेक शब्द बाहेर काढावा लागतो.

बोलायचं काम माझ्या बहिणीचं, बी-युनचं. दाराशी तिचं छोटं टेबल, टेबलावर तिचा स्वतःचा लॅपटॉप. कुणी बगलेत मशीन मारून आत आला की तिचा पहिला प्रश्न ठरलेला, "चार्जर आणलाय?" नसला आणला तर सरळ घरी पिटाळायची, मग तो नगरशेठ असो नाहीतर पुजारी. भिंतीवर तिच्याच अक्षरात पाटी होती, 'चार्जरसकट आणा'. मग ती तक्रार टिपून घ्यायची, ती गिऱ्हाइकाच्या तोंडचे शब्द जसेच्या तसे. तिने रकाने पाडले होते. नाव, यंत्र, तक्रार, मिस्त्री काय म्हणाले, काम झालं का, गिऱ्हाइकाला कळवलं का. त्याची चिठ्ठी छापून मशीनला चिकटवायची आणि मागे वेन-तुंगच्या बाकड्यावर रांगेत ठेवायची. तो रांगेतलं एकेक उचलणार. माणसाचं तोंड बघायची त्याला गरजच पडत नसे.

मी समोरच शेवयांची पेज विकते. सकाळी सहाला माझी कढई लागते ती अकराला उतरते. बी-युन रोज दोन वाट्या चापायची आणि मी रोज तिला बोलायची, "जाडे, दुकानाचं दार रुंद करून घे आता." ती हसायची. आम्हा दोघींचा आवाज अगदी एकसारखा, फोनवर आमची आईसुद्धा फसायची. शेवटी शेवटी तर वेन-तुंगही फसायचा. मी मुद्दाम हाक मारायची आणि हा बिचारा हातातलं काम टाकून बाहेर यायचा.

आमच्या गावात मशीनला एकच रोग फार. घरोघरी देव्हारा, गल्लोगल्ली उदबत्त्या वळणारे, सकाळ-संध्याकाळ धूर. तो सगळा पंख्यात जाऊन बसतो. मशीन तापतं आणि तापलं की एकदम मंदावतं. लोक येऊन बोंबलायचे, "मिस्त्री, कालपर्यंत घोड्यासारखं पळत होतं, आज आळशी झालंय बघा." तेव्हा मात्र वेन-तुंग मान वर करायचा. त्याचं आयुष्यातलं सगळ्यात लांब वाक्य हेच असावं. "आळशी नाही. आतला प्रोसेसर जळू नये म्हणून स्वतःच पाय आखडता घेतो. जीव वाचवतोय तो, त्याला शिव्या देऊ नका."

बी-युन गेली ती जिन्यावर. तिसऱ्या मजल्यावर जुन्या स्क्रीन ठेवलेल्या असतात. त्यातली एक वेन-तुंगला हवी होती. सकाळचे साडेदहा वाजले होते, माझ्या कढईत अजून पेज होती. ती वर गेली, खोकं घेऊन उतरताना दुसऱ्या वळणावर टेकली ती टेकलीच. खोकं मांडीवर तसंच. स्क्रीनला ओरखडाही नव्हता. डॉक्टर म्हणाले हृदय. एक्कावन्न वर्षं वय आणि हृदय!

मी वेन-तुंगला काय काय बोलले ते आता सांगायलाही लाज वाटते. पण तेव्हा नाही वाटली. चितेच्या दिवशी बोलले, सातव्या दिवशी बोलले. "लोकांच्या मशीनचं तुला कळतं, मंदावलं की जीव वाचवतंय म्हणतोस! तुझी बायको जिन्यावर मंदावली ते दिसलं नाही? एका स्क्रीनसाठी तीन मजले चढवलीस तिला?" तो खाली मान घालून ऐकायचा. एकदा तरी उलटून बोलला असता तर मला बरं वाटलं असतं. पण छे.

त्याने तिचं टेबल हलवलं नाही. टेबलाच्या वर भिंतीला तिचा फोटो, पुढे नावाची कागदी पाटी, उदबत्तीचं भांडं. आमच्यात गेलेल्या माणसाचं शंभर दिवस सगळं करतात. सकाळी तोंड धुवायला तस्तात पाणी, टॉवेल, दातांचा ब्रश. मग वाफाळता भात, एक भाजी. संध्याकाळी पुन्हा तेच. वेन-तुंग हे सगळं करायचा आणि वर तिचा लॅपटॉप चालू करून ठेवायचा, तिच्या नोंदींचं पान उघडून. स्वतः कधी वाचायचा नाही, अर्ध्या तासाने बंद. मी म्हटलं, "हे कुठल्या शास्त्रात आहे?" तर म्हणाला, "तोंड धुतल्यावर ती हेच करायची, ताई."

एकोणपन्नासाव्या दिवशी आम्ही तिला कागदाचं घर पाठवलं. दुमजली, पुढे बाग, एक नोकर, एक गाडी आणि वेन-तुंगच्या हट्टापायी कागदाचा लॅपटॉप. सगळं जाळलं, राख उडाली, भटजींनी घंटा वाजवली. त्या गडबडीत तिचं टेबल भिंतीकडे सरकवून पुन्हा जागेवर आणलं.

आणि दुसऱ्या दिवशी तिचं मशीन मंदावलं.

आदल्या सकाळपर्यंत वीस सेकंदांत उघडायचं. आता नऊ मिनिटं! मी स्वतः घड्याळ लावून पाहिलं, कारण माझा विश्वास बसेना. नोंदींचं पान उघडेपर्यंत उदबत्ती निम्मी संपायची. बाण एका जागी थबकायचा, मग एकदम टुणकन दोन बोटं पुढे. अक्षरं एकेक करून उमटायची, मध्ये थांबून थांबून. समोर कुणीतरी बसून दम घेत घेत काम करतंय असं वाटायचं. तस्तातलं पाणी थरथरलं तरी माझ्या अंगावर काटा यायचा. तिच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवायची माझी हिंमत होईना.

वेन-तुंगने मशीन उचलून मागे बाकड्यावर नेलं. अन् तिथे काय! लख्ख पळायला लागलं. त्याच्याकडे प्रोसेसरचा वेग दाखवणारा काटा असतो, तो तीनच्या घरात, म्हणजे पूर्ण वेगात. तरी त्याने खोललं. पंखा धुतला, राख निघाली चिमूटभर. प्रोसेसर गार ठेवणारी जुनी वाळलेली पेस्ट खरवडून नवी लावली. व्हायरस आहे का बघितलं. पुन्हा जोडलं, पुन्हा पळवलं, उत्तम. आणून तिच्या टेबलावर ठेवलं. काटा धाडकन खाली, पॉइंट आठवर.

उचललं, बाकड्यावर नेलं, तीन. परत टेबलावर, पॉइंट आठ. असं सहा वेळा झालं. मी दारातून बघत होते. सहाव्या वेळी तो मशीन दोन्ही हातांवर धरून मधेच उभा राहिला. फोटोकडे बघत हळूच म्हणाला, "रागावलीस का?"

मी पळाले तिथून. पातेली घासत बसले.

त्यानंतर त्याचं खाणं तुटलं. गिऱ्हाइकं येतच राहिली, पण विचारणारं कुणी नव्हतं, चिठ्ठी नव्हती. त्याच्या बाकड्यावर बिनचिठ्ठीची मशीनं साचत गेली. कुठलं कुणाचं आणि काय दुखतंय, काही पत्ता नाही. तो मात्र दिवसभर तिच्या त्या एका मशीनपुढे. मी एकदा जेवण घेऊन गेले तर म्हणाला, "ताई, एवढंच कळलं पाहिजे. ती माझ्यावर रागावून गेली का?"

"मला काय विचारतोस? तिला विचार," मी फटकारलं. आतून मला वाटत होतं, रागावलीच असणार. रागवायलाच हवं.

शंभरावा दिवस उजाडला. त्या दिवशी, गेलेल्या माणसाची वेगळी पाटी काढून त्याला पूर्वजांच्या पाटीत सामील करायचं असतं. पण आधी त्याची परवानगी हवी, कौल लावून. चंद्रकोरीसारखे दोन लाकडी तुकडे, एक बाजू सपाट, एक फुगीर. हातात धरायचे, विचारायचं आणि टाकायचे. एक सपाट वर, एक फुगीर वर पडला तर हो. दोन्ही फुगीर वर, तर नाही. दोन्ही सपाट वर आले तर समोरचा हसतोय असं धरतात. प्रश्न चुकला, नाहीतर उत्तर द्यायचंच नाहीये.

वेन-तुंगने गुडघे टेकून विचारलं, "निघतेस का?" नाही. पुन्हा. नाही. तिसऱ्यांदा, नाही.

भटजी म्हणाले, "काहीतरी कमी पडलंय तिला. विचारा काय ते."

मग आमचा बाजार सुरू झाला. "घर पोचलं नाही का?" तुकडे हसले. "नोकर कामचुकार निघाला का?" मी विचारलं. हसले. "शेवया हव्यात?" हसले. "अगं जाडे, सरळ सांग ना!" मी ओरडले तेव्हाही हसले. भटजींनी माझ्याकडे डोळे वटारले. वेन-तुंगचा चेहरा मात्र पांढरा पडत चालला होता. शेवटी त्याने अगदी बारीक आवाजात विचारलं, "लॅपटॉप?"

हो.

"हे मशीन?" टेबलाकडे बोट दाखवून. हसली. "कागदाचं? जाळलेलं?" हो.

"पोचलं नाही?" नाही, म्हणजे पोचलं होतं. "बिघडलंय?" हसली. यापुढे कुणाचंच डोकं चालेना. भटजींना दुसरीकडे जायचं होतं. ते म्हणाले, दोन-चार दिवसांत शोधा आणि मला बोलवा, तोवर तिला नेता येणार नाही.

वेन-तुंग तिथेच भिंतीला टेकून बसला. "ताई, ती अडकलीय. माझ्यामुळे."

इतके दिवस त्याला बोलून बोलून मी माझी जीभ झिजवली होती. पण तो ज्या आवाजात हे म्हणाला, तो ऐकून मला पहिल्यांदा त्याची कीव आली. तिच्या नवऱ्याचं जाऊ दे, माझी बहीण अडकली होती. मी एप्रन काढला आणि कागदी घरवाल्या म्हाताऱ्या चुआंगकडे निघाले. कोपऱ्यावरच त्याचं दुकान.

चुआंग बांबूच्या काड्या चिरत होता. मी म्हटलं, "काका, तुमच्या लॅपटॉपमध्ये खोट होती."

"कागदाच्या लॅपटॉपमध्ये?" तो चष्म्यावरून बघत राहिला. "बाई, चाळीस वर्षांत वरून तक्रार आली नाही माझ्याकडे."

"आता आलीय. दाखवा बघू कसा असतो तो."

त्याने फळीवरून एक खोका काढला. आत चंदेरी कागदाचा लॅपटॉप, कागदाचा माउस आणि एका बाजूला काळ्या कागदाची गुंडाळी. मी म्हटलं, "हे काय?"

"चार्जर. तुमच्या मेव्हण्याने नेला तेव्हा त्या खोक्यातून चार्जर निसटून इथेच पडला होता. मी दुसऱ्या दिवशी पाहिला. म्हटलं, जाऊ दे, जाळून झालंय."

"जाऊ दे? माझी बहीण आयुष्यभर लोकांना चार्जर नाही म्हणून घरी पिटाळत होती आणि तिलाच तुम्ही चार्जरशिवाय पाठवलं?"

तो काळा कागद मुठीत धरून मी धावत सुटले. आता माझ्या डोक्यात लख्ख झालं होतं. वर मशीन आहे पण चार्जर नाही, म्हणून बापडी काम करायला इथे येते. दुसरं काय! दुकानात शिरता शिरता मी दारातूनच ओरडले, "चार्जर कुठाय? चार्जर राहिला!"

वेन-तुंग बाकड्यावर पाठमोरा होता. त्याच्या हातातला स्क्रूड्रायव्हर खाली पडला. तो वळला तो थेट तिच्या खुर्चीकडे बघत, कारण तो आवाज माझा नव्हता, तिचा होता. तो प्रश्नही तिचाच होता. गेले शंभर दिवस या दुकानात तो कुणी विचारलाच नव्हता.

तो माझ्याकडे बघत राहिला, मग भिंतीवरच्या पाटीकडे. "चार्जर," तो स्वतःशीच म्हणाला. "ताई, मी चार्जर बघितलाच नाही."

बाकड्यावर त्याचा स्वतःचा चार्जर कायम जोडलेला असतो. सहाही वेळा त्याने मशीन तेवढं उचलून नेलं होतं. तिचा चार्जर टेबलाखालीच राहिला होता. येणाऱ्या प्रत्येकाची जी चूक बी-युनने दारातच पकडली असती, ती चूक हा बावीस वर्षांचा मिस्त्री सहा वेळा करून बसला होता.

तो टेबलाखाली शिरला. चार्जरची वायर टेबलाच्या पायाखाली चेपली होती, त्या दिवशी टेबल सरकवताना. आणि तिथेच, पिनेपाशी, गुलाबी चिकटपट्टीचे चार वेढे होते. तिच्या हातचे. म्हणजे ती वायर आधीपासूनच दुखत होती.

त्याने पट्टी सोडवली नाही, वायर बाजूने चिरली. मला म्हणाला, आणि तो इतकं बोलतोय याचंच मला नवल वाटलं, "यात तीन तारा असतात, ताई. दोन वीज नेतात. ही तिसरी, केसाएवढी, वीज नेतच नाही. ती मशीनला फक्त सांगते, मी तुझाच आहे, हवं तेवढं घे. ती तुटली की मशीन घाबरतं. वीज येत असूनही घेत नाही. अगदी कमीत कमी वेगात, जीव धरून चालतं."

तार तुटली होती. त्याने जोडली. दहा मिनिटांचं काम. चार्जर टेबलाशी आणला, लावला आणि मशीन सुरू केलं. वीस सेकंदं. नोंदींचं पान झर्रकन उघडलं आणि या दीड महिन्यात एकदाही न पोचलेल्या, गिऱ्हाइकांच्या खाली वेगळ्या ठेवलेल्या तिच्या घरच्या नोंदींपर्यंत सरकत गेलं.

आम्ही दोघं वाकून वाचत होतो.

नाव, बी-युन. यंत्र, लॅपटॉपचा चार्जर. तक्रार, वायर वाकली की मशीन एकदम मंदावतं, सरळ केली की ठीक. मिस्त्री काय म्हणाले, नंतर बघू. काम झालं का, रांगेत.

वेन-तुंगने डोळे मिटले. "सांगितलं होतं तिने," तो म्हणाला. "खरंच सांगितलं होतं. मी म्हणालो होतो नंतर बघू."

त्याखाली आणखी एक नोंद होती. जाण्याच्या तीन आठवडे आधीची.

नाव, बी-युन. यंत्र, मी. तक्रार, दोन जिने चढले की थांबावं लागतं, डावा हात जड होतो. मिस्त्रीचा रकाना कोरा होता. त्याला तिने सांगितलंच नव्हतं. रकान्याच्या कडेला तिने वेगळं लिहिलं होतं, 'ताई म्हणाली, जाडे, भात कमी खा.'

वेन-तुंगने लॅपटॉपचं झाकण पटकन मिटलं. मी वाचू नये म्हणून. मी वाचलं होतं.

मला आठवलं. गरम कढई, समोर रांग, आणि ती वाटी घेऊन उभी. "ताई, हल्ली जिना चढला की डावा हात जड होतो गं." आणि मी डाव हलवत, तिच्याकडे न बघता म्हणाले होते ते. पाच-सहा माणसं हसली होती. तीही हसली होती.

मी तिथे उभीच होते. शंभर दिवस मी ज्याला सोलून काढलं तो माणूस माझ्याकडे बघतही नव्हता. माझं तोंड बघायचं नाही म्हणून नव्हे. मला लाज वाटू नये म्हणून.

त्याने माझ्या मुठीतला कागदी चार्जर अलगद काढून घेतला, सरळ केला आणि भांड्यात जाळला. मग झाकण अर्धंच उघडून, मला दिसू नये असं धरून, चार्जरच्या नोंदीपुढे लिहिलं, काम झालं. कौलाचे तुकडे उचलले. गुडघे टेकले आणि गिऱ्हाइकाशी कधीही न बोलणारा तो माणूस मोठ्याने, नीट म्हणाला, "बी-युन बाई, तुमचं काम झालंय. घेऊन जा."

एक सपाट, एक फुगीर. पुन्हा टाकले, हो. पुन्हा, हो.

दोन दिवसांनी भटजींनी तिला पूर्वजांच्या पाटीत नेलं. या गोष्टीला आता वर्ष होऊन गेलं. वेन-तुंग स्वतः दाराशी बसतो, लोकांना विचारतो, "चार्जर आणलाय?" आवाज घोगरा आहे, पण विचारतो. तक्रार गिऱ्हाइकाच्या शब्दांत लिहून घेतो, आणि "आणखी काय?" असंही विचारतो, ते ती कधी विचारत नसे. रोज सकाळी माझ्याकडे पेज खायला येतो. त्या दुसऱ्या नोंदीबद्दल आजवर एका शब्दाने बोललेला नाही. मी वाचली हे त्याला ठाऊक आहे. मला कळतं ते, कारण माझ्या हाताखालच्या बाईला धाप लागली की तो वाटी खाली ठेवून माझ्याकडे बघतो, आणि मी तिला बसायला लावेपर्यंत वाटी उचलत नाही.

मी पण एकदा कौल लावला. दुपारी, तो मागे कामात असताना. गुडघे टेकून विचारलं, "बी-युन, माझ्यावर रागावलीस का गं?"

दोन्ही सपाट वर. हसली. मी पुन्हा विचारलं, हसली. तिसऱ्यांदा मोठ्याने विचारलं. तरीही हसलीच, त्या दिवशी वाटी हातात घेऊन सगळ्यांबरोबर हसली होती तशी.